छायाचित्र संस्करणासाठी लॅपटॉपची निवड

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा गावातील पाझर तलावाच्या कामाची छायाचित्रे काढली, की फिल्मचे रोल तालुक्याच्या गावी स्टुडिओत धुण्यासाठी दिले जात. छायाचित्र तांबूस झाले आहे की निळसर, चेहरे उजळ आले आहेत की काळवंडले आहेत, याचा निर्णय स्टुडिओतील कारागीर आपल्या अनुभवाने करीत असे. फिल्म मागे पडली आणि त्याबरोबर हा निर्णयही जागा बदलून गेला. आज तो शाळेतील कलाशिक्षकाच्या, माहिती विभागातील सहायकाच्या किंवा ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकाच्या टेबलावर येऊन पोहोचला आहे. दोहोंत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. स्टुडिओतील कारागीर छापलेला कागदच हातात धरून रंग पारखीत असे. आजचा संस्करण करणारा पडद्यावर जे दिसते त्यावर विसंबतो. पडदाच चुकीचे दाखवीत असेल, तर तो सद्भावनेने आणि परिश्रमपूर्वक चांगले छायाचित्र बिघडवून ठेवतो.

असे असूनही लॅपटॉपच्या खरेदीची मागणी तयार होते तेव्हा तीत काय लिहिलेले असते? अमुक पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण आणि १५.६ इंची पडदा. पडद्याची लांबी सांगितली, त्याच्या गुणाविषयी एक अक्षरही नाही. दूरचित्रवाणी संच इंचांवर विकत घेण्याच्या सवयीतून हे आले असावे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावयाची असल्यामुळे, जे तपशिलात लिहिलेले नाही ते पुरवठादार देत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. परिणामी टंकलेखनास व हिशेबास उत्तम, परंतु रंगाच्या कामास निरुपयोगी असे यंत्र सार्वजनिक पैशातून पुढील पाच-सहा वर्षांसाठी कार्यालयात येऊन बसते. ही गोष्ट टाळण्यासाठी काय पाहावे, याचा विचार या लेखात केला आहे.

रंग चुकल्याने काय होते

छायाचित्रातील रंग ही केवळ सौंदर्याची बाब आहे, असा एक समज आहे. शेतीविषयक छायाचित्रांचे उदाहरण घेतल्यास तो दूर होईल. नत्राची उणीव असलेल्या पिकाची जुनी, खालची पाने प्रथम पिवळी पडतात. लोहाची उणीव असल्यास कोवळ्या, वरच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात व शिरांमधील भाग पिवळा होतो. कपाशीवरील लाल्या विकृतीची पहिली खूण म्हणजे पानाच्या हिरव्या रंगात मिसळणारी तांबूस छटा. ज्या पडद्याचा एकूण कल निळसर आहे, अशा पडद्यावर हिरवेगार निरोगी पान थंड व मलूल वाटते. संस्करण करणारा त्यात थोडा पिवळा रंग वाढवितो. त्याच्या पडद्यावर पान आता योग्य दिसते. परंतु भित्तिपत्रकावर छापून आले, की तेच पान रोगट दिसू लागते. निरोगी पिकाचा नमुना म्हणून लावलेल्या या पत्रकासमोर उभा राहणारा शेतकरी काय शिकेल, याची कल्पना करता येईल.

पैठणीचा काठ, वारली चित्रामागील गेरूची भिंत, ध्वजवंदनाच्या छायाचित्रातील केशरी पट्टा, विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांचा सावळा वर्ण, या सर्वांबाबत हेच घडते. चेहऱ्यांबाबत तर अधिकच, कारण त्वचेचा रंग किंचित बदलला तरी तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खटकतो. राष्ट्रध्वजाच्या कापडाच्या रंगांसाठी भारतीय मानक क्रमांक १ निश्चित केलेले आहे, हे ध्यानात घेता ध्वजाचे केशरी छापील स्मरणिकेत विटकरी होऊ देणे कोणासही रुचणार नाही.

पडद्याचा आवाका

प्रत्येक पडदा काही मर्यादेपर्यंतचेच रंग दाखवू शकतो. ही मर्यादा मोजण्यासाठी काही मापे ठरलेली आहेत. त्यांतील सर्वांत उपयुक्त माप एसआरजीबी या नावाचे असून ते १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडले आणि १९९९ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. भ्रमणध्वनीवर, संकेतस्थळांवर आणि सामान्य छपाई दुकानांत चालणारी बहुसंख्य छायाचित्रे याच मापाला धरून असतात. म्हणून ज्या लॅपटॉपचा पडदा एसआरजीबीचे जवळजवळ शंभर टक्के रंग दाखवितो, तो आपल्या कामास पुरेसा समजावा.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र हे माप आढळत नाही. तेथे ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असतो. एनटीएससी हे १९५३ मधील अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचे माप होय. त्याचे ७२ टक्के म्हणजे ढोबळमानाने एसआरजीबीचे १०० टक्के. या हिशेबाने ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचे केवळ ६२-६३ टक्के. एक तृतीयांशाहून अधिक रंगविस्तार या पडद्यावर दिसतच नाही. गडद लाल, मोरपंखी व दाट हिरवा हे रंग त्यात फिके पडतात. संस्करण करणारा ते गडद करतो, आणि दुसऱ्याच्या चांगल्या पडद्यावर त्याच छायाचित्रातील कुंकू डोळ्यांत खुपू लागते. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेले असेल, तर छायाचित्रांच्या कामासाठी तो लॅपटॉप तेथेच बाजूला ठेवावा. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी या उणिवेची भरपाई होत नाही. टक्केवारीचा उल्लेखच नसेल, तर निर्मात्याकडून किंवा पुरवठादाराकडून ती लेखी मागवावी.

याहून विस्तृत आवाक्याचे पडदेही मिळतात. त्यांच्या माहितीत अॅडोब आरजीबी किंवा पी-थ्री अशी नावे येतात. मोठ्या छपाईची कामे करणाऱ्या व्यावसायिकांना त्यांचा उपयोग आहे. शाळा व पंचायतींनी त्यांसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. किंबहुना रंगव्यवस्थापन नीट न करता असा पडदा वापरल्यास सामान्य छायाचित्रेही भडक दिसतात व उलट दिशेने चूक होते.

पडद्याच्या रचनेचाही विचार करावा लागतो. टीएन प्रकारच्या पडद्यावर डोके थोडे वरखाली केले, की छायाचित्राचा उजेड बदलतो. तेव्हा नेमके कोणत्या कोनातून दिसते ते खरे मानावयाचे, असा प्रश्न पडतो. आयपीएस प्रकारात हा दोष फारच अल्प असतो. ओएलईडी पडद्यांत काळा रंग खराखुरा काळा दिसतो व रंगही उत्तम येतात. तथापि एकच चित्र दीर्घकाळ स्थिर राहिल्यास त्याचा डाग उमटण्याची शक्यता असते. दिवसभर कार्यालयीन तक्ते उघडे राहणाऱ्या यंत्रासाठी म्हणून आयपीएस अधिक सोयीचा.

उजेडाचे माप निट या एककात देतात. २५० निटचा पडदा खिडकीजवळच्या टेबलावर अपुरा पडतो. ३०० किंवा त्याहून अधिक असावा, कारण वापराबरोबर पडद्याचा उजेड कमी होत जातो. येथे एक सूचना आवश्यक वाटते. क्षमता ३०० निटची असली, तरी संस्करण करताना पडदा तेवढा प्रखर ठेवावयाचा नसतो. मध्यम उजेडाच्या खोलीत ८० ते १२० निट पुरेसे होतात. ‘पडद्यावर छान दिसले, पण छापून काळे आले’ ही छपाई दुकानांतून नेहमी ऐकू येणारी तक्रार बहुधा प्रखर ठेवलेल्या पडद्यामुळेच उद्भवते. पृष्ठभाग चकचकीत नसून खरबरीत असेल, तर पाठीमागील खिडकीचे प्रतिबिंब त्यात पडत नाही.

बिंदूंच्या संख्येबाबत फार चर्चा नको. १९२० गुणिले १०८० ही किमान अपेक्षा होय. उंची थोडी अधिक असलेला, म्हणजे १९२० गुणिले १२०० बिंदूंचा पडदा मिळाल्यास उपकरणपट्ट्यांना जागा मिळून छायाचित्र मोठे दिसते.

रॅमचा हिशेब

रॅम किती असावी, हे अनुमानाने न ठरविता गणिताने ठरविता येते. साध्या डिजिटल कॅमेऱ्याचे २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र घेऊ. त्यात २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांची नोंद, आणि दर्जेदार संस्करणात प्रत्येक नोंदीस २ बाइट. एकूण १४ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे १४४ एमबी. कार्डावर हीच फाईल ८-१० एमबीची दिसत असली, तरी उघडल्यावर ती एवढी जागा घेते. संस्करणात एकावर एक पाच थर केले, की ७२० एमबी झाले. शिवाय केलेली कृती मागे घेता यावी म्हणून आज्ञावली आधीच्या अवस्थाही सांभाळून ठेवते. संगणकाच्या प्रणालीला स्वतःसाठी ३-४ जीबी लागतात, बाजूला कार्यालयीन संकेतस्थळाच्या चार खिडक्या उघड्या असतात, आणि स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या यंत्रात ग्राफिक्सचे कामही याच रॅममधून वाटा मागते. ८ जीबी कोठे संपतात ते यावरून समजेल. रॅम संपली की संगणक साठवणीचा आधार घेतो व प्रत्येक कृतीगणिक थांबू लागतो.

म्हणून १६ जीबी हे प्रमाण धरावे. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावर कायमची जोडलेली असते व ती पुढे वाढविता येत नाही. ‘सध्या ८ घेऊ, पुढील अनुदानातून वाढवू’ असा विचार असेल, तर मोकळी खाच आहे की नाही याची आधी खातरजमा करणे अगत्याचे आहे.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स

प्रोसेसरविषयी जाहिरातींतून जितके बोलले जाते, तितके येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. गेल्या तीन-चार वर्षांतील इंटेल, एएमडी किंवा अॅपल यांपैकी कोणत्याही कंपनीचा मध्यम श्रेणीचा प्रोसेसर छायाचित्रांस पुरेसा आहे. सावध राहावयाचे ते क्रमांकांबाबत. मोठा क्रमांक म्हणजे नवे तंत्र, असे नेहमीच नसते. एएमडीच्या रायझन ५ मालिकेतील ७५२०यू व ७५४०यू हे दोन प्रोसेसर कागदावर सख्खे भाऊ वाटतात. वस्तुतः त्या क्रमांकातील तिसरा अंक अंतर्रचनेची पिढी सांगतो. पहिल्याची रचना झेन-२ या जुन्या पिढीची, तर दुसऱ्याची झेन-४ या पुढच्या पिढीची आहे. निविदेत ‘रायझन ५ किंवा समकक्ष’ एवढेच लिहिल्यास दोन्ही पात्र ठरतात. अशा वेळी पूर्ण क्रमांक मागवून घ्यावा.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी व चलच्चित्रांसाठी आवश्यक असते. उजेड, रंग व कापणी एवढेच काम असल्यास त्यावाचून अडत नाही. अंधारात काढलेल्या छायाचित्रांतील ठिपके कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काढून टाकण्याच्या सोयी अलीकडे आल्या आहेत. त्या सतत वापरावयाच्या असतील तरच या कार्डाचा विचार करावा. अन्यथा तोच पैसा पडद्यावर खर्च करणे शहाणपणाचे.

साठवण आणि मूळ प्रती

साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असणे आता गृहीत धरावे. तबकडी सेकंदास १००-१५० एमबी वाचते, एनव्हीएमई प्रकारची साधी एसएसडीदेखील त्याच्या दहा-पंधरापट वाचू शकते. प्रश्न वेगाचा नसून जागेचा आहे. शाळेने वर्षात २० कार्यक्रमांची प्रत्येकी २०० छायाचित्रे घेतली, तर ४,००० होतात. जेपीईजी फाईल सरासरी ८ एमबीची धरल्यास ३२ जीबी. कॅमेऱ्यातील रॉ फाईल ठेवावयाच्या ठरविल्यास, प्रत्येकी २८ एमबी धरून ११२ जीबी. रॉ फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांची नोंद असते, तर जेपीईजीत केवळ २५६ पायऱ्यांची. म्हणून उजेडाची मोठी दुरुस्ती रॉ फाईलच सहन करू शकते. जेपीईजी पुनःपुन्हा उघडून साठवीत गेल्यास तिचा दर्जा प्रत्येक वेळी थोडा घटतो, हेही विसरता कामा नये.

५१२ जीबी कामापुरते पुरे. परंतु लॅपटॉप ही छायाचित्रे जपून ठेवण्याची जागा नव्हे. या संदर्भात महाराष्ट्राच्याच इतिहासातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती रंगविण्याचे काम मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे केले. त्यांच्या बहुतेक प्रती लंडनमधील क्रिस्टल पॅलेसमध्ये असताना १८६६ च्या आगीत जळून गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात ते काम पुन्हा केले. त्यांतीलही अनेक प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. दोन्ही वेळा वर्षानुवर्षांचे श्रम एकाच छपराखाली ठेवलेले होते. मूळ चित्रे लेण्यांत होती, म्हणून दुसरा प्रयत्न निदान शक्य झाला. गेल्या वर्षीच्या ग्रामसभेचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही.

त्यासाठी तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, हा संगणक क्षेत्रातील जुना दंडक पाळावा. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर, तिसरी पंचायत समितीत किंवा सुरक्षित मेघसाठवणीत. बाह्य डिस्कचा खर्च लॅपटॉपच्या खर्चातच धरून मंजुरी घ्यावी. नंतर तो राहूनच जातो, असा अनुभव आहे.

ज्या छायाचित्रांचे संस्करण करू नये

काही छायाचित्रे पुरावा म्हणून घेतलेली असतात. पंचनामा, पीकनुकसान, कामाच्या आधीची व नंतरची स्थिती, ही त्यांची उदाहरणे. रोजगार हमीच्या कामांची छायाचित्रे स्थाननोंदीसह घेण्याची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून अशा छायाचित्रांची संख्या फार वाढली. त्यांचा उजेडही बदलू नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या फाईलचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. फाईलमधील एक बिंदू बदलला तरी हे मूल्य पालटते. प्रसिद्धीसाठी असे छायाचित्र हवे असल्यास त्याची प्रत काढून तिच्यावर काम करावे व मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठविलेली फाईल दाबून लहान केली जाते व तिच्यातील वेळ-स्थानाची नोंद निघून जाते. तीच फाईल दस्तऐवज म्हणून पाठविल्यास जशीच्या तशी पोहोचते. हे अनेक कर्मचाऱ्यांना माहीत नसते.

आज्ञावली, उष्णता आणि जुने यंत्र

लॅपटॉप घेतला, पण संस्करणाच्या आज्ञावलीची तरतूदच केली नाही, असे वारंवार घडते. अॅडोब कंपनीने २०१३ पासून वर्गणीची पद्धत स्वीकारली असल्याने फोटोशॉपचा खर्च दरवर्षी येतो. अनुदान एकदाच मिळणाऱ्या संस्थेने हे आधीच ध्यानात घ्यावे. गिम्प, डार्कटेबल व रॉथेरपी या आज्ञावली विनामूल्य व कायदेशीर आहेत. गिम्पची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. शिकण्यास थोडा वेळ लागतो हे खरे, तथापि शाळेच्या व पंचायतीच्या कामासाठी त्या निश्चितच पुरतात. चोरीची प्रत वापरणे शासकीय कार्यालयास शोभणारे नाही, आणि विषाणूंचा धोका वेगळाच.

बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तिकेत वापराच्या जागेचे तापमान ३५ अंश सेल्सियसपर्यंत असावे, असे म्हटलेले असते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात ही अट पाळणे किती कठीण, हे सांगावयास नको. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. म्हणून विदर्भ, मराठवाडा व खानदेशात अतिसडपातळ यंत्रापेक्षा थोडे जाड, हवा खेळण्यास पुरेशी जागा असलेले यंत्र चांगले. वीज जाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या गावी बॅटरीची क्षमता किमान ५० वॅट-तास असावी व भूजोडणी असलेल्या तीन पिनांच्या जोडणीवरच चार्जर लावावा.

जुना लॅपटॉप विकत किंवा देणगीदाखल मिळत असल्यास एक अडचण तपासावी. विंडोज १० प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर नसल्यास ते यंत्र घेऊन फारसा लाभ नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काम नेहमी एकाच खोलीत बसून करावयाचे असेल, तर लॅपटॉपच हवा असे नाही. त्याच पैशात मेजावरील संगणक व त्यास जोडलेला चांगला २४ इंची आयपीएस पडदा अधिक उत्तम काम देतो. कार्यालयात आधीच १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असून केवळ त्याचा पडदा हलका असेल, तर नवे यंत्र न घेता बाहेरून एक चांगला पडदा जोडावा. बराच खर्च वाचेल.

दुकानातील पारख

प्रत्यक्ष यंत्र पाहावयास मिळणार असेल तर पेन ड्राइव्हवर स्वतःच्या तीन फाईल न्याव्यात. पहिली, माणसांच्या चेहऱ्यांचे आणि गडद रंगाच्या वस्त्रांचे असे छायाचित्र, ज्याची चांगली छापील प्रत आपल्याजवळ आहे. ती छापील प्रतही सोबत असू द्यावी. दुसरी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग जाणारी करडी पट्टी. तिसरी, काळ्या पार्श्वभूमीवर किंचित कमी काळे आणि पांढऱ्यावर किंचित कमी पांढरे चौकोन. हे चौकोन गिम्पमध्ये पाच मिनिटांत तयार होतात. काळ्यासाठी ५, १० व १५ आणि पांढऱ्यासाठी २५०, २४५ व २४० अशी मूल्ये द्यावीत.

करड्या पट्टीत कोठेही गुलाबी किंवा हिरवट झाक दिसू नये, पायऱ्या पडू नयेत. तिसऱ्या फाईलमधील बहुतेक चौकोन वेगळे ओळखू यावेत. काळ्यातील एकही दिसत नसेल, तर सावलीतील तपशील या पडद्यावर कधीच दिसणार नाही. मग बाजूने, वरून व खालून पाहावे. शेवटी छायाचित्र आणि छापील प्रत शेजारी धरावी. दुकानातील रंगीबेरंगी दिवे व पडद्याची ‘भडक’ रंगाची मांडणी यांनी फसगत होते. म्हणून विक्रेत्यास ती मांडणी काढून पडदा मूळ स्थितीत आणण्यास सांगावे. बहुधा तो आनंदाने करतो.

आणल्यानंतर

नवा पडदाही तंतोतंत खरा नसतो. त्याचे अंशशोधन, म्हणजे कॅलिब्रेशन करावे लागते. कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडर अशा नावांचे छोटे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवले, की ते त्याचे रंग मोजते व दुरुस्तीची नोंद संगणकात करते. शुभ्र रंगासाठी ६,५०० केल्विन व गॅमा २.२ ही मूल्ये निवडावीत. एकाच उपकरणाने अनेक लॅपटॉपचे काम होत असल्याने ते प्रत्येक शाळेने घेण्याची गरज नाही. केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीत एक असावे आणि दोन महिन्यांनी आळीपाळीने फिरवावे. मात्र ६२ टक्क्यांच्या पडद्याचे अंशशोधन केल्याने तो १०० टक्क्यांचा होत नाही. जो रंग पडद्यात नाही, तो उपकरण कोठून आणणार?

विंडोजमध्ये ‘नाइट लाइट’ नावाची सोय आहे. सायंकाळी डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती पडदा पिवळसर करते. ती चालू असताना दुरुस्त केलेली छायाचित्रे दुसऱ्या दिवशी निळी दिसतात आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. ही सोय, तसेच खोलीतील उजेडानुसार पडद्याची प्रखरता आपोआप बदलण्याची सोय, संस्करणाच्या वेळी बंद ठेवावी. टेबलावर पिवळ्या दिव्याऐवजी पांढरा दिवा असावा व पाठीमागची भिंत शक्यतो गडद रंगाची नसावी.

मागणीपत्रात लिहावयाचा मजकूर साधारणतः असा असावा : आयपीएस प्रकारचा १४ ते १६ इंची पडदा, किमान १९२० गुणिले १०८० बिंदू, एसआरजीबी आवाका किमान ९५ टक्के, उजेड किमान ३०० निट, पृष्ठभाग प्रतिबिंबरहित, रॅम १६ जीबी, एनव्हीएमई एसएसडी किमान ५१२ जीबी, प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक नमूद करणे बंधनकारक, बॅटरी किमान ५० वॅट-तास, जागेवर येऊन तीन वर्षांची हमी, सोबत १ टीबी बाह्य डिस्क. ई-बाजारपेठेतून खरेदी करतानाही पडद्याच्या या अटी तपशिलात समाविष्ट कराव्यात व निर्मात्याचे माहितीपत्रक जोडण्याची अट घालावी. एकाच निर्मात्याचे एकच नाव धारण करणारे लॅपटॉप निरनिराळ्या पडद्यांसह विकले जातात. त्यामुळे नावावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा.

माल आल्यावर देयक मंजूर करण्यापूर्वी खोक्यावरील क्रमांक मागणीपत्राशी ताडून पाहावा, वर सांगितलेल्या तीन फाईल उघडून बघाव्यात, आणि जडवस्तू नोंदवहीत ‘लॅपटॉप, एक नग’ एवढीच नोंद न करता मॉडेल व अनुक्रमांक, पडद्याचा प्रकार व एसआरजीबी टक्केवारी, चार्जर आणि बाह्य डिस्क यांच्या स्वतंत्र नोंदी घ्याव्यात.